आधी खिडकी

इरण्णा दलाल चपला न काढता घरभर फिरला.
भिंतीवर टिचकी मारून बघितली,
कलिंगड घेताना मारतात तशी.
म्हणाला, काका, दाजी पेठेत गल्ली चांगली आहे तुमची.
ऐंशी हजार घाला, तीन लाख वर काढून देतो.
कुठं घालायचे ते मी सांगेन.

तो सांगत गेला, मी लिहीत गेलो
वीजबिलाच्या पाठीवर.

दर्शनी भिंतीला रंग. घालायचाच.
गेटला काळा ऑइलपेंट, मुठीला सोनेरी.
संडासात कमोड. आता खाली कोण बसतंय?
गच्चीचं राहू द्या, वर चढून कोण बघतंय?
पश्चिमेच्या भिंतीची ओल
काढायला सत्तावीस हजार, झाकायला सात.
झाका.

हौदाला मात्र हात लावू नका.
झाकण उघडून आहे तस्सा दाखवायचा.
चौथ्या-पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या सोलापुरात
गिऱ्हाईक देव्हाऱ्याआधी हौदात वाकतं.

तो हौद आम्ही दोघांनी खणलाय, एका मे महिन्यात.
मी खाली मुरमाला शिव्या द्यायचो,
भूदेवी वरून घमेली ओढायची.
एवढं लिहायला बिलावर जागा नव्हती.

पुढच्या खोलीत माग होता.
फरशीत चार बोल्ट अजून वर आलेले
आणि तेलाचा डाग,
सोड्यानं जात नाही, लिंबानं जात नाही.
मौलाली मिस्त्रीनं ग्राइंडर लावला. तीन कापले.
चौथा कपाटाखाली येतो, राहू दे, म्हणालो.
मजुरी त्यानं चारचीच लावली.

पण ते नंतर. त्या दिवशी इरण्णा
स्वयंपाकघराच्या दारातच थांबला.
अंधार हो, काका. बायका आधी हेच बघतात.
इथं एक खिडकी पाडा. चौदा हजारात होतंय की.

भूदेवी भाकरी थापत होती.
थापायची थांबली नाही.

एकवीस वर्षांपूर्वी पिठाचं बोट
याच भिंतीला टेकवून ती म्हणाली होती, इथं.
मी म्हणालो होतो, पलीकडं बघायला आहे काय?
वंगारींची भिंत.
मग सूत महागलं. मग मोटार जळली. मग थोरलीचं लग्न.
मग तिनं विचारायचं सोडलं
आणि मला वाटलं, हौस फिटली.

रात्री मी बेरीज मांडली. ऐंशीत बसेना.
तिनं बिल ओढून घेतलं, चष्मा न लावताच वाचलं.
आधी खिडकी, म्हणाली.
उरले तर बाकीचं.

भिवंडीला पोराकडं जायला एकोणीस दिवस होते.
दुपारी हात धुतले की ती खिडकीशी बसायची,
नुसतीच, डाळ निवडायलाही घ्यायची नाही.
काय बघतेस गं?
भिंत.
मीही बसून बघितलं एकदा.
साडेतीनला वंगारींच्या गच्चीवरच्या लडींची सावली
त्या भिंतीवर उतरते, लाल लडींचीही काळीच,
आणि वारा नसला तरी जराशी हलते.
हे मला माहीत नव्हतं.

गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, बँकेतलं.
बाई सरळ आत गेली, खिडकीतून हात बाहेर काढला,
नवऱ्याला म्हणाली, इथं चिमणी बसेल बघा,
ही बुजवून घेऊ.

इरण्णानं माझ्याकडं बघितलं. मी भूदेवीकडं.
बुजवा की, ती म्हणाली. एकोणीस दिवस झाले.
आणि चहा टाकायला वळली.

त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक,
मी त्या पोराला पश्चिमेच्या भिंतीशी नेलं,
त्याचा तळहात पुट्टीवर ठेवला,
आणि म्हणालो, हिच्या आत ओल आहे.

इरण्णा खोकला.
चाळीस हजार उतरले.
भूदेवीनं चहा खिडकीच्या कट्ट्यावर मांडला,
पाच कप, बरोबर मावले.